हँडहेल्ड गेमिंग कन्सोल: स्विच, स्टीम डेक, ॲलाय की फोनलाच कंट्रोलर? सातारा-सांगलीत बसून नक्की काय घ्यावं

प्रश्न एकच असतो, फक्त विचारणारा बदलतो. "स्विच घेऊ, स्टीम डेक घेऊ, का आसुसचा तो ॲलाय?" विचारणारा कधी साताऱ्याच्या एमआयडीसीत नुकताच कामाला लागलेला असतो, कधी कराडला इंजिनिअरिंगला असतो, कधी तासगावात वडिलांचं दुकान सांभाळत असतो. पैसे साठवून झालेले असतात, यूट्यूबवर वीस-पंचवीस रिव्ह्यू बघून झालेले असतात, तरी काही ठरत नाही. कारण ते रिव्ह्यू अमेरिकेतल्या, फार तर मुंबई-दिल्लीतल्या माणसासाठी असतात. वस्तू बंद पडली तर न्यायची कुठे, गेमचे पैसे भरायचे कसे, घरातल्या फोनच्या चार्जरवर ती चार्ज होईल का, हे त्यात कुणी सांगत नाही.

आणि रक्कम काही लहान नाही. पन्नास-साठ हजारांत आपल्याकडे चालू स्थितीतली सेकंडहँड स्प्लेंडर येते. त्यामुळे घाई नको, एकेक गोष्ट बघू.

हँडहेल्ड कन्सोल म्हणजे काय?

ज्याला स्वतःची स्क्रीन, बटणं आणि बॅटरी आहे आणि जो मुख्यतः गेमसाठीच बनवलाय, तो हँडहेल्ड कन्सोल. आपल्या भागातल्या मोठ्या भावंडांना विचारलंत तर ते पुसेगावच्या यात्रेतून आणलेल्या प्लॅस्टिकच्या ब्रिक गेमचं नाव काढतील. त्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि आत टेट्रिसचेच दहा-बारा प्रकार फिरवून फिरवून भरलेले असायचे. पण दोन पेन्सिल सेलवर तो महिनोन्‌महिने चालायचा, ही गोष्ट लक्षात ठेवा.

कारण या धंद्यातली पहिली मोठी लढाई बॅटरीवरच झाली. १९८९ ला निन्टेन्डोने गेम बॉय आणला. स्क्रीन हिरवट, रंग नाहीत, मागून उजेड नाही. पुढच्याच वर्षी सेगाने गेम गिअर आणला, रंगीत आणि झगमगीत. पण त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या वर चालायचा. शेवटी गेम बॉय आणि त्याचा कलर अवतार मिळून ११ कोटींहून जास्त विकले गेले, गेम गिअर १ कोटीच्या आसपास थांबला. आज दुकानात कुणी "याची स्क्रीन बघा, १४४ हर्ट्झ आहे" म्हणालं की मला ती हिरवट स्क्रीन आठवते.

आधी सांगा, तुम्ही खेळता काय?

हा प्रश्न कन्सोलच्या आधी यायला हवा, पण बहुतेक जण तो पैसे दिल्यावर विचारतात.

तुमचा खेळ म्हणजे बीजीएमआय किंवा फ्री फायर असेल, तर इथेच थांबा. हे फोनचे गेम आहेत. निन्टेन्डो स्विचवर ते नाहीत, स्टीमवर नाहीत, पोर्टलवर नाहीत. विंडोजवाल्या हँडहेल्डवर अँड्रॉइड इम्युलेटर टाकून बघता येईल, पण त्यात अकाउंट बॅन व्हायचा धोका आहे. इतकंच काय, बीजीएमआय फोनवरसुद्धा कंट्रोलरला अधिकृत सपोर्ट देत नाही. म्हणजे साठ हजार घालून रोजच्या स्क्वाडबरोबर खेळण्यासाठी परत फोनच हातात घ्यावा लागेल. अशा माणसाने ते पैसे चांगल्या फोनमध्ये घालावेत आणि शांत झोपावं.

जीटीए ६ साठी घ्यायचंय म्हणणारेही बरेच आहेत. तो गेम रॉकस्टारने पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरिजसाठी जाहीर केलाय. स्विच, स्टीम डेक, ॲलाय या तिन्हींचं नाव त्या घोषणेत नव्हतं. त्याच्या नावाने आज हँडहेल्ड घेणं म्हणजे बाजारात तुरी.

मग हँडहेल्ड कुणासाठी? ज्यांना मारिओ, झेल्डा, पोकेमॉन खेळायचेत. ज्यांना जीटीए ५ ची स्टोरी, विचर, रेड डेड, स्पायडर-मॅन असे पीसीवरचे मोठे गेम अंथरुणात पडून खेळायचेत. ज्यांना हॉलो नाइट, हेडीस, स्टारड्यू व्हॅली अशा छोट्या पण महिनाभर पुरणाऱ्या गेमचा नाद आहे. आणि ज्यांच्या घरातला टीव्ही रात्री साडेदहापर्यंत मालिकांच्या ताब्यात असतो, असे सगळे.

निन्टेन्डो स्विच: गेम एक नंबर, पण कंपनी इथे नाही

पहिला स्विच ३ मार्च २०१७ ला आला. हातात धरून खेळा, नाहीतर डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर खेळा, ही त्याची गंमत. २०१९ ला लहान आणि स्वस्त स्विच लाइट आला; तो टीव्हीला लागत नाही, हे विसरू नका. २०२१ ला ७ इंची ओएलईडी मॉडेल आलं. आणि ५ जून २०२५ ला स्विच २ आला: ७.९ इंची १०८०पी स्क्रीन, २५६ जीबी स्टोरेज, अमेरिकेत किंमत ४५० डॉलर.

गेमबद्दल वाद नाही. मारिओ कार्टवर चार भावंडं बसली की दिवाळीची सुट्टी कुठे जाते कळत नाही. दोन जॉय-कॉन दोघांना वाटून देता येतात, म्हणजे दुसरा कंट्रोलर न घेता दोघं खेळू शकतात. बाकीच्या कुठल्याही हँडहेल्डपेक्षा घरात चारचौघांत खेळायला हाच बरा.

अडचण वेगळीच आहे. निन्टेन्डो भारतात आपले कन्सोल अधिकृतपणे विकत नाही, भारतासाठी ई-शॉपही नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानांत आणि ऑनलाइन जो दिसतो तो बाहेरून आणलेला माल असतो. मग 'एक वर्ष वॉरंटी' लिहिलं असेल तर ती कंपनीची नव्हे, दुकानदाराची वॉरंटी. दुकानदार चांगला असेल तर ती चांगली, नाहीतर बिलाचा कागद तेवढा हातात. गेम घ्यायला तुम्हाला दुसऱ्या देशाचं अकाउंट उघडावं लागतं आणि त्या देशाची गिफ्ट कार्डं लागतात. डॉलरमधल्या किमती रुपयांत बदलून बघा, मगच उत्साह दाखवा: स्विच २ चा मारिओ कार्ट वर्ल्ड ८० डॉलरचा आहे.

या सगळ्याची एक गंमत आपल्या जवळचीच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वास्तू, सगळं आपल्या मातीतलं. तो ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी आला तो निन्टेन्डो स्विचवर, बाकीच्या मशिनवर दोनेक महिन्यांनी. म्हणजे साताऱ्यापासून तीन तासांवर बनलेला गेम, आणि पहिल्या दिवशी खेळायचा तर आपल्या देशात कंपनी विकतच नाही असं मशिन हवं!

आता दोन धोके, नीट वाचा.

पहिला जपानी स्विच २ चा. निन्टेन्डोने जपानसाठी स्विच २ ची एक स्वस्त आवृत्ती काढलीय, ४९,९८० येनची. ती फक्त जपानी भाषेत चालते आणि तिला जपानचंच अकाउंट लागतं. सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी करता येत नाही. कुणी "जपानहून आणलाय, दहा हजारांनी स्वस्त" म्हणालं तर कौतुक करायच्या आधी मशिन चालू करून भाषेची यादी उघडायला लावा. जुन्या स्विचला हे बंधन नव्हतं, म्हणून विकणाऱ्यालाही कधीकधी खरंच माहीत नसतं.

दुसरा मेमरी कार्डचा. पहिल्या स्विचला आपलं नेहमीचं मायक्रोएसडी कार्ड चालतं. स्विच २ ला गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस लागतं. दिसायला तसंच, किमतीला बरंच जास्त. जुन्या फोनमधलं कार्ड काढून घालू, हा बेत इथे फसतो. शिवाय स्विच २ ची काही कार्ट्रिज नुसती किल्ली असतात. त्यांना गेम-की कार्ड म्हणतात. आत गेम नसतोच. कार्ड घालायचं आणि सगळा गेम नेटवरून उतरवायचा. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. गावाकडे दिवसाला दोन जीबीवर भागवणाऱ्याने ते आधी वाचावं.

एक गोष्ट मात्र स्विचच्या बाजूची: खरी कार्ट्रिज विकता येतात. पाच हजारांचा गेम खेळून साडेतीन-चारला पुढे देता येतो. मित्रांत तिघांकडे स्विच असेल तर एकच कार्ट्रिज तिन्ही घरं फिरतं. स्टीमवरचा गेम असा हातात देता येत नाही.

स्टीम डेक: इथे विकत नाहीत, तरी खिशाला सोपा

वाल्व कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ ला आला, आणि नोव्हेंबर २०२३ ला त्याचं ओएलईडी मॉडेल: ७.४ इंची स्क्रीन, ९० हर्ट्झ, ५० वॉट-अवरची बॅटरी. हा खरं तर हातात धरायचा पीसी आहे. आत लिनक्सवर बनलेली स्टीमओएस ही सिस्टिम आहे आणि 'प्रोटॉन' नावाचा एक मधला थर विंडोजचे गेम तिच्यावर चालवतो. पॉवरचं बटण दाबलं की झोपतो, परत दाबलं की गेम जिथे होता तिथूनच सुरू. कॅरम खेळायला कुणी हाक मारली तर खाली ठेवायला दोन सेकंद पुरतात. ही सवय एकदा लागली की विंडोजवाल्या मशिनचा राग यायला लागतो.

वाल्वसुद्धा भारतात डेक विकत नाही. म्हणजे मशिनचा धोका स्विचसारखाच. फरक गेमच्या खर्चात आहे. स्टीमवर रुपयांत किंमत दिसते, यूपीआयने पैसे जातात, आणि उन्हाळी-हिवाळी सेल लागला की दोन-तीनशे रुपयांत असे गेम मिळतात की सुट्टी संपते पण गेम संपत नाही. स्विचवर निन्टेन्डोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं फारसे उतरत नाहीत. दोन वर्षांचा हिशोब मांडलात तर महाग वाटणारा डेक पुष्कळदा स्वस्त पडतो. तुमच्याकडे लॅपटॉपवर आधीच स्टीमचे गेम असतील तर तेच डेकवर येतात, परत घ्यावे लागत नाहीत.

काय चालत नाही तेही सांगतो. चीटिंग रोखणारी काही सॉफ्टवेअर लिनक्सला नको म्हणतात. व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही. जीटीए ५ ची स्टोरी चालते, पण सप्टेंबर २०२४ पासून जीटीए ऑनलाइन डेकवर बंद झालं. स्टीमवर प्रत्येक गेमच्या पानावर डेकवर तो कसा चालतो याचा शिक्का असतो. आपले पाच आवडते गेम तिथे तपासायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं खर्च करा राव.

ॲलाय, लीजन गो आणि विंडोजवाले भाऊबंद

या गटाची जमेची बाजू एकच, पण वजनदार: हे भारतात अधिकृत विकले जातात. आसुसचा आरओजी ॲलाय जुलै २०२३ ला भारतात ६९,९९० रुपयांना आला. पक्कं बिल मिळतं, कंपनीची वॉरंटी मिळते, हप्त्यावर मिळतो. लेनोवोचा लीजन गो आला, एमएसआयचा क्लॉ आला. घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून बघा, मग तो ४१५००१ असो नाहीतर ४१६४१६. सेवा केंद्र आपल्या गावात आहे, कोल्हापूरला जावं लागेल, की कुरिअरने पाठवायचं, हे आधी कळलेलं बरं.

विंडोज असल्यामुळे जवळपास सगळं चालतं. पण विंडोज सात इंचांच्या स्क्रीनसाठी बनलेली नाही. मध्येच अपडेट, बारीक अक्षरं, की-बोर्ड बोटांखाली येतो. आणि व्हॅलोरंट सुरू झाला तरी पीसीवर त्याला कंट्रोलरचा सपोर्ट नाही, म्हणजे माउस जोडूनच खेळायचं. मग हँडहेल्ड कशाला?

पहिल्या ॲलायमध्ये मेमरी कार्डचा खाचा गरम होऊन कार्ड वाचणं बंद व्हायची तक्रार बऱ्याच जणांनी केली आणि कंपनीनेही ती मान्य केली. त्यानंतरच्या ॲलाय एक्सला ८० वॉट-अवरची बॅटरी आणि २४ जीबी रॅम मिळाली. ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टबरोबर केलेले आरओजी एक्सबॉक्स ॲलाय आणि एक्सबॉक्स ॲलाय एक्स आले. नावाने फसू नका. हा एक्सबॉक्स कन्सोल नाही, एक्सबॉक्सच्या कपड्यातला विंडोज पीसी आहे. जुन्या एक्सबॉक्सच्या डिस्कवरचे गेम त्यात आपोआप येत नाहीत.

लीजन गोचं एकच वाक्य: ८.८ इंची स्क्रीन देखणी आहे, पण कंट्रोलरसकट वजन ८५४ ग्रॅम. स्टीम डेक ६४० ते ६६९, स्विच लाइट २७५ च्या आसपास. पाऊण किलो साखरेची पिशवी अर्धा तास छातीसमोर धरून बघा, मग ठरवा.

प्लेस्टेशन पोर्टल

सप्टेंबर २०२४ ला भारतात १८,९९० रुपयांना आला, म्हणून पुष्कळ जण याला स्वस्त कन्सोल समजतात. हा कन्सोल नाही. घरात पीएस५ असेल तर त्याचं चित्र वाय-फायवरून या ८ इंची स्क्रीनवर येतं, एवढंच. पीएस५ नसेल तर ही नुसती पाटी. परदेशात प्लेस्टेशन प्लसच्या प्रीमियम सदस्यांना क्लाउडवरून गेम मिळतात, पण भारतात तो प्रीमियम प्रकारच नाही, इथे डीलक्स आहे. ब्लूटूथ इअरबडही जोडता येत नाहीत. पीएस५ असलेल्या आणि टीव्हीसाठी भांडणाऱ्या घरात मात्र याच्यासारखी सोय नाही.

'४०० इन १' आणि रेट्रोवाले

मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानात पाचशे-सातशेला मिळणारा लाल-पांढरा '४०० इन १' म्हणजे जुन्या काडतूसवाल्या टीव्ही गेमचे गेम. त्यात नोकियाच्या साध्या फोनची असायची तशी बीएल-५सी बॅटरी बसते, म्हणून ती मेली तरी कुठल्याही बाजारपेठेत दुसरी मिळते. लहान भावंडाला द्यायला वाईट नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे आर३६एस, ॲनबर्निक, मियू मिनी, रेट्रॉइड पॉकेट. सगळी चिनी मशिनं. साधी मॉडेलं पीएस१ पर्यंतचे गेम आरामात चालवतात, पीएसपीला धापा टाकतात. रेट्रॉइडसारखी महागडी मॉडेलं अँड्रॉइडवर चालतात आणि पुढचंही बरंच ओढतात. आर३६एसच्या तर नकलेच्याही नकला निघाल्यात, खोक्यावरून ओळखू येत नाही.

यातली एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. सोबतच्या कार्डवर जे हजारो गेम भरलेले असतात ते चोरीचे असतात. इम्युलेटर हे सॉफ्टवेअर वेगळं आणि परवानगीशिवाय कॉपी केलेला गेम वेगळा. दुसरी गोष्ट आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही बसत नाही. शिवाय ते बिननावाचं कार्ड काही महिन्यांत मरतं आणि त्याबरोबर तुमचा सेव्हही जातो.

आणि हे सगळं तुमचा फोन आधीच करतो. पीएसपी चालवणारं पीपीएसएसपीपी ॲप आपल्याकडे किती फोनमध्ये आहे हे मी सांगायला नको. कमी आहे ती फक्त बटणांची.

मग नुसता कंट्रोलर का नको?

फोनच्या दोन्ही बाजूंना बसणारा टाइप-सीचा कंट्रोलर साधारण दोन-तीन हजारांपासून मिळतो, नावाजलेल्या कंपन्यांचे सहा-सात हजारांच्या पुढे. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल, माइनक्राफ्ट, डेड सेल्स, स्टारड्यू व्हॅली हे सगळे कंट्रोलरने खेळता येतात. घेताना फोनचं कव्हर काढावं लागेल का आणि खेळताना चार्जिंगची वायर लागते का, एवढं बघा.

वालचंदला किंवा कराडच्या गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगला शिकताय आणि ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप आहे? मग स्टीम लिंक हे फुकट ॲप फोनवर टाका. गेम लॅपटॉपवर चालतो, चित्र फोनवर येतं. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असू द्या आणि लॅपटॉप शक्यतो वायरने राउटरला जोडा, नाहीतर चित्र अडखळतं. नोव्हेंबर २०२५ पासून भारतात एक्सबॉक्स क्लाउड गेमिंगही सुरू झालंय, त्यात लॅपटॉपही लागत नाही, चांगलं नेट लागतं. महाबळेश्वरच्या घाटात किंवा कासला जाताना यातलं काहीच चालणार नाही, ते वेगळं.

बॅटरीचं गणित

कंपनीचे "२ ते ८ तास" असले आकडे सोडून द्या. गणित सोपं आहे. बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेले असतात, गेम किती वॉट ओढतो त्याने भागायचं. ४० वॉट-अवरचा पहिला ॲलाय मोठ्या गेमला २५-३० वॉट ओढला तर दीड तासात हात वर करतो. सातारा ते स्वारगेट एसटीला अडीच-तीन तास धरा: खंबाटकी ओलांडून शिरवळ येईपर्यंत स्क्रीन काळी. तोच ॲलाय हलक्या गेमला १० वॉटवर ठेवला तर चार तास. सांगलीहून कोयना एक्स्प्रेसने मुंबईला जाताना यातला कुठलाच पूर्ण वेळ टिकणार नाही. पॉवरबँक लागणारच.

पॉवरबँक घेताना २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॉट-अवर, आणि वाटेत वाया जाऊन हाताशी येतात पन्नासच्या आसपास. म्हणजे स्टीम डेक ओएलईडी एकदा जेमतेम भरेल. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पॉवरबँक आणि चार्जर दोन्हींवर यूएसबी पीडी असायला हवं. डेकला ४५ वॉट लागतात, ॲलायला ६५. फोनबरोबर आलेला चार्जर ८० वॉटचा असला तरी तो त्या फोन कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असू शकतो आणि डेकला त्यातून पुरेसे वॉट मिळतीलच असं नाही. चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा, पीडी आणि पुढे किती वॉट ते बघा. बाहेरून आणलेल्या स्विचचा ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो, त्यामुळे जळायची भीती नाही, फक्त पिन बदलायचा कनेक्टर लागतो.

सेकंडहँड घेताना

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. एका ग्रुपवरून चौदा हजारांना स्विच घेतला. मिरजेच्या स्टँडवर भेटलो, चालू करून बघितला, गेम चालला, पैसे दिले. घरी येऊन ई-शॉप उघडलं तर एरर. आधीच्या मालकाने त्यात चोरीचे गेम टाकले होते आणि निन्टेन्डोने ते मशिन ऑनलाइन सेवेतून बॅन केलं होतं. बॅन अकाउंटला नसतो, मशिनला असतो; रिसेट करून जात नाही. विकणाऱ्याचा नंबर तेव्हापासून बंद. आता त्यावर फक्त कार्ट्रिज चालतात.

म्हणून, भेटायला जाताना फोनचं हॉटस्पॉट चालू ठेवा. स्विच असेल तर ई-शॉप तुमच्यासमोर उघडला पाहिजे. डेक असेल तर आधीच्या मालकाने आपलं अकाउंट काढून फॅक्टरी रिसेट तुमच्यासमोर करावा. मग सेटिंगमध्ये कंट्रोलर टेस्ट उघडून दोन्ही काठ्या सोडून द्या आणि बघत राहा. हात न लावता ठिपका सरकत असेल तर तो ड्रिफ्ट. स्विचचा जॉय-कॉन यासाठी बदनामच आहे. आतला सुटा भाग मिळतो आणि हात बसलेला मोबाइल कारागीर तो बदलूही शकतो, फक्त त्याच्याकडे तीन पात्यांचा स्क्रू-ड्रायव्हर आहे का ते विचारा. पण तेवढी रक्कम किमतीतून आधी कापून घ्या.

टाइप-सीच्या खाचात आणि कार्डच्या खाचात टॉर्च मारून हिरवट-पांढरा गंज दिसतो का बघा. नदीकाठच्या गावांत पाण्यात गेलेली वस्तू वाळवून विकायला निघते, हे सांगलीकराला २०१९ नंतर सांगावं लागत नाही. मागचं झाकण मधोमध फुगलेलं असेल तर बॅटरी फुगलीय, ते मशिन फुकट दिलं तरी घेऊ नका.

दुबईला किंवा सिंगापूरला कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडून आणणं हा चांगला मार्ग आहे. पण विमानतळावर ठराविक किमतीपर्यंतच्या सामानालाच कर माफ असतो, ती मर्यादा त्यांनी निघायच्या आधी सीमाशुल्क विभागाच्या साइटवर बघावी आणि खरेदीचं बिल जवळ ठेवावं.

माझा कौल

साताऱ्याला माझा मावसभाऊ आहे. चाळीस हजार साठवून बसलाय आणि गेले चार महिने रोज मला नवीन व्हिडिओ पाठवतो. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. घरात भावंडं असतील, कार्ट्रिज फिरवायला मित्र असतील तर स्विच, आणि तोही जुना ओएलईडी. स्विच २ इथे अजून महाग पडतो आणि पहिल्या स्विचचेच चांगले गेम संपवायला दोन वर्षं लागतील. एकटा खेळणारा असशील आणि स्टीमवर गेम असतील तर स्टीम डेक, पण समोरासमोर ओळख असलेल्या दुकानातून, पक्क्या बिलावर. वॉरंटीशिवाय घरून परवानगीच नसेल, तर ॲलाय, आणि मग चाळीसवर भागणार नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढलेत, त्यामुळे थांबल्यावर स्वस्त होईल या आशेवर बसू नको.

त्यावर तो म्हणाला, "म्हणजे आत्ता काय घेऊ?" तो दिवसातून तीन तास बीजीएमआय खेळतो आणि महिन्यातून एकदा पीपीएसएसपीपी उघडतो. मी म्हणालो, आधी अडीच हजारांचा कंट्रोलर घे आणि तीन महिने वापर. तो त्याने परवा पोवई नाक्याजवळून घेतला. राहिलेले साडेसदतीस हजार अजून बँकेत आहेत. मारिओ कार्टचं कार्ट्रिज आणि माझा तो बॅन झालेला स्विच दिवाळीपर्यंत त्याच्याकडे ठेवायला दिलाय, पटलं तर घेईल स्वतःचा. फक्त डावा जॉय-कॉन जपून वापर म्हटलंय, तो परवाच दुरुस्त करून आणलाय.